पाहुण्यांच्या आधीचा स्वयंपाक आणि फ्रीजर: वाचकांचे प्रश्न

सुट्ट्या आणि सणांचे दिवस जवळ आले, की या सदराकडे एकाच विषयाची पत्रं येतात: आधी काय करून ठेवता येईल, ते फ्रीजरमध्ये किती टिकेल आणि पाहुण्यांसमोर ताटात येईपर्यंत त्याची चव कशी राहील? त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: बारा माणसं चार दिवस मुक्कामाला येणार आहेत. शक्य तेवढं सगळं आधी शिजवून फ्रीज करायचं ठरवलं आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: "सगळं" हा शब्द आधी खोडा. फ्रीजरमधून निघालेले चार पदार्थ एकाच जेवणात आले, तर दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे सगळंच मऊ लागतं, दाताखाली काही येत नाही. दुसरी अडचण ऐन वेळेला कळते: चारही पदार्थ गरम करायला त्याच अर्ध्या तासात त्याच शेगड्या हव्या असतात. तीन लिटर गोठलेला रस्सा मंद आचेवर उकळीला यायला पाऊण तास सहज जातो.

म्हणून यादी पदार्थांची नको, कामांची करा. प्रत्येक पदार्थात वेळ कशात जातो ते बघा. कांदा चिरून तांबूस परतणं, वाटण भाजून दळणं, कडधान्य शिजवणं, मांस मंद आचेवर मुरवणं, स्टॉक काढणं, पीठ मळून आकार देणं ही सगळी वेळखाऊ कामं आहेत आणि ती फ्रीजरमध्ये उत्तम टिकतात. याउलट कुरकुरीतपणा, वरून घालायची हिरवी पानं, लिंबू, क्रीम, शेवटचं मीठ यांना पाच-दहा मिनिटंच लागतात, पण पदार्थाची चव त्यांच्यावरच ठरते. ती त्या दिवसासाठी राखून ठेवा. आमचा सल्ला असा: एका जेवणात पूर्ण तयार गोठवलेला पदार्थ एकच असावा, अर्धं काम आधी झालेला एक, आणि बाकी ताजं.

प्रमाणाचा अंदाज असा. भात मुख्य असेल तर माणशी 70 ग्रॅम कच्चा तांदूळ, म्हणजे बारा जणांना साधारण 850 ग्रॅम. शिजल्यावर त्याचा अडीच ते तीन पट भात होतो. रस्सा किंवा स्ट्यू एकच असेल तर माणशी 200 ते 250 ग्रॅम, दोन असतील तर प्रत्येकी 150 ग्रॅम पुरतो. सूप सुरुवातीला द्यायचं असेल तर माणशी 200 मिली. बारा जणांचा रस्सा एका डब्यात कधीच गोठवू नका. चार-चार जणांच्या तीन पिशव्या करा. अर्धे लोक उशिरा आले, तर तिसरी पिशवी फ्रीजमधून काढावीच लागत नाही, आणि लहान पाकीट विरघळतंही लवकर.

आता कामं दिवसांवर टाका, पण शेवटाकडून मागे मोजत. कुठला पदार्थ कधी वाढायचा ते लिहा, मग तो फ्रीजरमधून फ्रीजमध्ये कधी उतरवायचा ते, आणि मग तो कधी करायचा ते. तीन आठवडे आधी स्टॉक, ग्रेव्हीचा पाया आणि शिजवलेलं कडधान्य. दोन आठवडे आधी मांसाचे रस्से आणि तळणीचे आकार दिलेले तुकडे. शेवटच्या आठवड्यात ब्रेड, केक आणि भात. दोन दिवस आधी फ्रीजचा एक पूर्ण कप्पा रिकामा करा, कारण विरघळणारी पाकिटं तिथेच ठेवायची आहेत. बहुतेक जण फ्रीजरमधल्या जागेचा हिशेब करतात आणि या कप्प्याचा विसरतात. मग पाकिटं ओट्यावर येतात.

प्रश्न: आमचा फ्रीजर 60 लिटरचा आहे. एका रविवारी सगळं करून भरून टाकलं तर चालेल का?

उत्तर: मावेल, पण नीट गोठणार नाही. दर 28 लिटर जागेमागे 24 तासांत साधारण 1 ते 1.3 किलो न गोठलेलं अन्न ठेवावं असा हिशेब आहे. तुमच्या फ्रीजरला तो दिवसाला 2 ते पावणेतीन किलो एवढा येतो. दहा किलो एकदम घातलं तर आतलं तापमान चढतं, आधीची पाकिटं कडेने सैल होतात आणि नवं अन्न हळूहळू गोठतं. हळू गोठताना पाण्याचे स्फटिक मोठे होतात आणि ते भाज्यांच्या व मांसाच्या पेशींच्या भिंती फोडतात. मग विरघळल्यावर ताटात पाणी सुटतं आणि भाजी लिबलिबीत लागते. म्हणजे एकाच रविवारऐवजी काम चार संध्याकाळींत वाटून घ्या.

जलद गोठवण्याचं बटण असेल तर मोठी भर घालण्याच्या 24 तास आधी ते सुरू करा. जाड डब्यांऐवजी झिप पिशव्या घ्या: एका पिशवीत एक लिटर, आडवी सपाट ठेवून अडीच सेंटिमीटर जाडीची. पहिल्या दिवशी पिशव्या ताटात एकेक पसरून ठेवा, एकावर एक नको. कडक झाल्या की पुस्तकांसारख्या उभ्या लावा. मग नाव वाचता येतं आणि हवी ती पिशवी ओढून काढता येते.

आणखी एक गोष्ट तपासा. एका दाराच्या फ्रीजमधला छोटा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा उणे 18 अंशांपर्यंत जात नाही. दारावर एक तारा असेल तर उणे 6, दोन असतील तर उणे 12, तीन असतील तर उणे 18 अंश. ताजं शिजवलेलं अन्न गोठवण्याची ताकद चार तारे असलेल्या फ्रीजरात असते. कमी ताऱ्यांच्या कप्प्यात महिनाभराचा बेत करू नका. तिथे बर्फ आणि फार तर काही दिवसांपुरत्या आधीच गोठलेल्या वस्तू ठेवाव्यात. साधा फ्रीजर थर्मामीटर घेतला, की अंदाज बांधत बसावं लागत नाही.

प्रश्न: मोठ्या पातेल्यातला रस्सा रात्री गार व्हायला ओट्यावर ठेवतो आणि सकाळी पुन्हा उकळून फ्रीज करतो. घरातल्या काहींना हे बरोबर वाटत नाही. पुन्हा उकळल्यावर धोका राहतो का?

उत्तर: राहतो, आणि घरातल्यांचं बरोबर आहे. 60 ते 5 अंशांच्या दरम्यान जिवाणू वाढतात, आणि पाच लिटरचं झाकलेलं पातेलं रात्रभर बहुतेक वेळ याच पट्ट्यात असतं. मांसाच्या मोठ्या रश्श्यात आणि भातात जे जिवाणू येतात, त्यांचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि रस्सा कोमट झाला की पुन्हा वाढू लागतात. काही जिवाणू जी विषं सोडतात, ती उकळूनही नष्ट होत नाहीत. सकाळची उकळी जिवाणू मारेल, पण अशा विषांचं काही होणार नाही. अन्नाला वास येत नाही, रंग बदलत नाही, त्यामुळे ओळखायचा काही मार्ग नाही. फ्रीजरही जिवाणू मारत नाही, फक्त त्यांची वाढ थांबवतो.

मर्यादा अशी पाळा: 60 वरून 20 अंशांपर्यंत दोन तासांत, आणि तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. रस्सा उथळ भांड्यात काढा, थर 5 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. भांडं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा, दर पाच मिनिटांनी डाव फिरवा, पाणी कोमट झालं की बदला. सर्वांत सोपी युक्ती स्वयंपाकातच आहे. पाण्याचा एक चतुर्थांश भाग मागे ठेवून रस्सा दाट शिजवा, आणि शेवटी तेवढ्याच वजनाचा स्वच्छ पाण्याचा बर्फ त्यात टाका. मीठ-मसाला मात्र पूर्ण प्रमाणाच्या हिशेबाने घाला.

गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवली की फ्रीज बिघडतो, हे ऐकून लोक मुद्दाम थांबतात. उथळ भांड्यातला कोमट पदार्थ फ्रीज पेलतो. पाच लिटरचं वाफाळतं पातेलं पेलत नाही, कारण ते शेजारचं दूध आणि मांस कोमट करतं. फ्रीजरमध्ये मात्र आधी फ्रीजइतकं गार केलेलंच अन्न जावं. वाफ असताना झाकण लावलं तर आत दव साठतं आणि तेच पुढे बर्फाची भुकटी होऊन वर बसतं.

भातासाठी मर्यादा अधिक कडक आहे. शिजल्यावर तो ताटात मोकळा पसरावा आणि तासाभरात फ्रीजमध्ये जावा. दुसऱ्या दिवशी पिशव्यांत सपाट भरून गोठवा. गोठवलेला भात चांगला लागतो. दर 200 ग्रॅमला एक चमचा पाणी शिंपडून, झाकून वाफेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये थेट गरम केला की दाणा पुन्हा मऊ होतो.

प्रश्न: मागच्या वेळी बटाटे स्पंजसारखे झाले, कॉर्नफ्लोअरचा सॉस फाटल्यासारखा दिसला, दह्याच्या ग्रेव्हीत कण आले. कुठले पदार्थ फ्रीजरला चालतात आणि कुठले नाहीत, हे एकदा नीट सांगा.

उत्तर: तुमच्या तिन्ही तक्रारींमागे पाणीच आहे. पदार्थात पाणी कशाने धरून ठेवलेलं आहे, ते आधी पाहा.

बटाट्याच्या तुकड्यात पाणी पेशींत आणि स्टार्चमध्ये असतं. गोठताना ते बाहेर येतं आणि विरघळल्यावर परत आत जात नाही, म्हणून मागे भोकं पडलेला तुकडा राहतो. रश्श्यात बटाटा हवाच असेल तर रस्सा त्याच्याशिवाय गोठवा आणि त्या दिवशी उकडून घाला. कुस्करलेला बटाटा मात्र चालतो, विशेषतः किलोला 80 ते 100 ग्रॅम लोणी घातलेला. तिथे तुकड्याचा पोत टिकवायचाच नसतो आणि लोणी पाण्याला अडवतं.

कॉर्नफ्लोअर किंवा मैद्याने दाट केलेला सॉस गोठवला की स्टार्चचं जाळं आवळतं आणि पाणी बाहेर पडतं. बऱ्याचदा मंद आचेवर उकळी आणून जोरात फेटलं की तो पुन्हा जुळतो. पण हमी हवी असेल तर सॉस पातळच गोठवा आणि घट्ट करायचं काम गरम करताना करा. अर्धा लिटर पातळ ग्रेव्हीला दीड टेबलस्पून कॉर्नफ्लोअर दोन टेबलस्पून गार पाण्यात कालवून घातलं की पुरतं. टॅपिओकाचा, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्याचा, स्टार्च गोठवण्यात बराच बरा टिकतो.

दही, आंबट क्रीम आणि पातळ क्रीम यांतली प्रथिनं गोठताना गुठळ्या धरतात. गरम केल्यावर त्यांचे कण दिसतात आणि ते कितीही ढवळलं तरी जात नाहीत. ग्रेव्हीचा पाया त्यांच्याशिवाय गोठवा. वाढायच्या दिवशी आच बंद करून, दही खोलीच्या तापमानाला आणून, फेटून घाला. मेयोनेज फुटतंच, त्यावर उपाय नाही. मऊ चीज भुसभुशीत होतं. कडक चीज किसून गोठवलं तर वितळवण्यापुरतं उत्तम चालतं, नुसतं खायला नाही. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. काकडी, सॅलडची पानं, कच्चा टोमॅटो आणि मुळा कच्चेच खायचे असतील तर फ्रीजरमध्ये नकोत.

चांगले टिकणारे पदार्थ म्हणजे ज्यात तुकडे रसात बुडालेले असतात. मांसाचे रस्से, शिजवलेली कडधान्यं त्यांच्याच पाण्यासह, टोमॅटोचा सॉस, परतलेला कांदा, स्टॉक, भाज्यांचं गाळलेलं सूप. रस मांसावर झाकण धरतो, त्यामुळे हवा लागून ते वाळत नाही. असे रस्से दोन ते तीन महिने चवीला चांगले राहतात. उणे 18 अंशांवर त्यानंतरही ते खायला धोकादायक होत नाहीत, पण चरबी खवट होते आणि चव उतरते. लाल राजमा करणार असाल तर तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळा आणि मगच आच कमी करा. नुसत्या मंद आचेवर शिजलेल्या राजम्यात पोट बिघडवणारं लेक्टिन उरतं, आणि गोठवल्याने ते जात नाही.

मसाल्यांचंही सांगायला हवं, कारण त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि नंतर दोष रेसिपीला देतं. लवंग, मिरी, लसूण आणि ढोबळी मिरची यांची चव फ्रीजरमध्ये उग्र होते, कधी कडवटही. कांद्याची चव बदलते आणि मिठाचा खारेपणा कमी भासतो. म्हणून मसाला नेहमीच्या तीन चतुर्थांश आणि मीठ थोडं हात राखून घाला. उरलेलं गरम करताना चाखून टाका.

प्रश्न: भाज्या चिरून थेट पिशवीत भरल्या तर चालतात का? उकळत्या पाण्यातून काढायची खरंच गरज असते का?

उत्तर: आठवडाभरात वापरणार असाल तर चालवून घेता येतं. त्याहून जास्त ठेवायच्या असतील तर गरज असते. भाजीतली एन्झाइम्स गोठल्यावरही हळूहळू काम करत राहतात, आणि रंग मळकट, चव गवतासारखी होते. कांदा आणि ढोबळी मिरची हे अपवाद आहेत, ते कच्चे चिरून गोठवले तरी शिजवण्यापुरते चालतात.

अर्धा किलो भाजीला चार लिटर पाणी उकळा. भाजी घातल्यावर मिनिटभरात पुन्हा उकळी आली पाहिजे. नाही आली तर भाजी जास्त आहे. वेळ पुन्हा उकळी आल्यापासून मोजा: मटार दीड ते दोन मिनिटं, गाजराचे बारीक तुकडे आणि पालक दोन मिनिटं, फरसबी, फ्लॉवर आणि ब्रोकोलीचे तुरे तीन मिनिटं. लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ ठेवा. वेळेआधी काढली तर एन्झाइम्स उलट चेव धरतात, त्यामुळे अर्धवट उकळण्यापेक्षा न उकळलेली बरी. शेवटची पायरी लोक गाळतात आणि तिथेच बिघडतं. भाजी कापडावर कोरडी करा, ताटात सुटी पसरून दोन तास गोठवा आणि मगच पिशवीत भरा. ओली भरली तर एकच ढेकूळ होतो आणि वीस जणांच्या स्वयंपाकात तो ओट्यावर आपटत बसावं लागतं.

प्रश्न: कटलेट आणि इतर तळणीचे पदार्थ तळून फ्रीज करावेत की कच्चे?

उत्तर: आकार देऊन, वरचं आवरण लावून, कच्चे. पूर्ण तळलेला तुकडा गोठवला की आतली वाफ आवरणात मुरते आणि तो पुन्हा कुरकुरीत करायला जास्त तळावा लागतो, मग तेलकट होतो.

आतलं सारण कोरडं हवं. उकडलेला बटाटा गरम असतानाच चाळणीत वाफ जाऊ द्या आणि परतलेली भाजी पाणी आटेपर्यंत परता. सारणात मांस असेल तर ते आधी पूर्ण शिजवूनच भरा, कारण गोठलेला तुकडा तळताना बाहेरून तांबूस होतो तेव्हा आतून कच्चं मांस शिजलेलं असेल याची खात्री नसते. जाडी दीड सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा. कोरडं पीठ, मग फेटलेलं अंडं किंवा पिठाचं पातळ मिश्रण, मग ब्रेडक्रम्ब, या क्रमाने आवरण लावा. ताटात बटर पेपरवर एकमेकांना न चिकटता दोन-तीन तास ठेवून टणक करा आणि मग पिशवीत भरा. महिनाभर चांगले राहतात.

तळताना विरघळू देऊ नका. विरघळलं की आवरण ओलं होतं आणि तेलात फुटतं. वर जमलेला बर्फ कोरड्या ब्रशने किंवा कापडाने झटका, नाहीतर तेल उडतं. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. तेल 170 ते 175 अंशांवर असू द्या आणि एका वेळी चार-पाचच टाका. दहा टाकले तर तेल एकदम थंड होतं, तुकडे तेल पितात आणि आतून गारच राहतात. मोठ्या पंगतीला सोपा मार्ग म्हणजे बाहेरून रंग येईपर्यंत तळून घ्या आणि शेवटची आठ-दहा मिनिटं 180 अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवा. आतला गारठाही जातो आणि सगळ्यांच्या ताटात एकदमच गरम येतात.

प्रश्न: पास्ता थरांत लावून काचेच्या भांड्यात गोठवला होता. ओव्हनमध्ये ठेवल्यावर भांडं तडकलं. काच चालतच नाही का?

उत्तर: काच चालते. गोठलेली काच तापलेल्या ओव्हनमध्ये गेली की तडकते. एक बाजू प्रसरण पावते आणि दुसरी उणे 18 अंशांवरच असते. ओव्हनच्या काचेचाही यातून बचाव होत नाही.

भांडं अडकूनही पडू नये म्हणून असं करा. भांड्यात फॉइल बाहेर लोंबेल अशी घाला, त्यावर बेकिंग पेपर आणि मग थर लावा. टोमॅटोचा आंबटपणा फॉइल खातो आणि तिला भोकं पाडतो, म्हणून मध्ये पेपर हवाच. गोठलं की पास्त्याची ही वीट उचलून काढा, आणखी एका फॉइलमध्ये गुंडाळा आणि भांडं मोकळं करा. वाढायच्या आदल्या दिवशी कागद-फॉइल काढून वीट त्याच भांड्यात ठेवा आणि फ्रीजमध्ये 24 ते 36 तास विरघळू द्या.

पास्ता पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं कमी उकळा. सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवा, आठ जणांच्या भांड्यात एक कप जास्त, कारण पास्ता फ्रीजरमध्ये जाईपर्यंत आणि बाहेर आल्यावरही तो पीत राहतो. थरांची एकूण जाडी 5 सेंटिमीटरपर्यंत. 180 अंशांवर झाकून 40 ते 50 मिनिटं आणि वरचं झाकण काढून आणखी दहा-पंधरा मिनिटं भाजा. मधोमध थर्मामीटर 75 अंश दाखवायला हवा. कडा उकळताना दिसल्या म्हणून काढू नका, मध्य सगळ्यात शेवटी तापतो.

बरण्यांबाबत एकच: पाणी गोठताना जवळजवळ 9 टक्के वाढतं. खांदे असलेल्या बरणीत वाढीला जागा मिळत नाही आणि मान तडकते. सरळ कडांच्या बरण्या किंवा डबे घ्या आणि वर अडीच सेंटिमीटर जागा सोडा. पिशवीत उलट आहे, तिथे हवा काढायची. भरलेली पिशवी उघड्या तोंडाजवळ धरून पाण्यात बुडवा, पाणी हवा वर ढकलतं, मग तोंड बंद करा. ज्या भागाला हवा लागते तिथलं बर्फ थेट वाफ होऊन उडतं आणि पांढरे, चिवट डाग पडतात. ते खाल्ल्याने काही होत नाही, पण चव गेलेली असते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरात तापमान वरखाली होतं, म्हणून तिथे हे लवकर घडतं. तिथली पाकिटं दुहेरी गुंडाळा.

प्रश्न: ब्रेड, केक, बिस्किटं यांचं काय?

उत्तर: या तिघांसाठी फ्रीजर उत्तम आणि फ्रीज वाईट. ब्रेड फ्रीजच्या तापमानाला सर्वांत लवकर शिळा होतो, कारण स्टार्च तिथे पटकन कडक होतो. पूर्ण थंड झालेले रोल दुहेरी गुंडाळून गोठवा आणि 180 अंशांच्या ओव्हनमध्ये फॉइलमध्ये आठ ते दहा मिनिटं थेट गरम करा. ताजेपणा परततो, पण तो काही तासच टिकतो, म्हणून जेवणाला लागतील तेवढेच काढा. कच्च्या यीस्टच्या पिठाचा नाद आम्ही नको म्हणू. गोठल्याने यीस्टचा जोर कमी होतो आणि महिन्यानंतर फुगण्याचा भरवसा राहत नाही.

बिस्किटांचं पीठ मात्र गोळे करून गोठवा आणि गोठलेलेच भाजा, वेळ एक-दोन मिनिटं वाढवून. ताजी भाजलेली बिस्किटं पाहुण्यांना लगेच देता येतात. साधा स्पंज केक आयसिंगशिवाय गुंडाळून ठेवा आणि वेष्टणातच विरघळू द्या, तीन-चार तास. वेष्टण आधी काढलं तर हवेतलं दव केकवर जमतं आणि वरचा भाग चिकट होतो. क्रीम, कस्टर्ड आणि ताजी फळं त्या दिवशी लावा.

प्रश्न: विरघळवायची बरोबर पद्धत कोणती? आणि उरलेलं पुन्हा गोठवलं तर चालतं का?

उत्तर: पहिली पसंती फ्रीजला. सपाट एक लिटरची पिशवी रात्रभरात, किलोभराचा जाड डबा 24 तासांत, अडीच किलोचा मांसाचा तुकडा साधारण एका दिवसात विरघळतो. घाई असेल तर घट्ट बंद पिशवी थंड पाण्यात ठेवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्ध्या किलोला अर्धा तास धरा, आणि मग लगेच शिजवा. ओट्यावर विरघळवू नका, कारण आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरचा कित्येक तास कोमट राहतो.

रस्सा आणि सूप न विरघळवताही गरम करता येतात. पातेल्यात दोन टेबलस्पून पाणी, मंद आच, झाकण, आणि कड सुटत जाईल तसं कालथ्याने तुकडे सोडवत जा. सुरुवातीलाच मोठी आच केली तर खाली करपतं आणि वर बर्फ असतो. सगळीकडे खळखळ उकळी किंवा मधोमध 75 अंश आल्याशिवाय वाढू नका. पानावर वाढेपर्यंत 60 अंशांच्या वर ठेवा. टेबलावर मांडलेलं अन्न दोन तासांत उचला, हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासात.

पुन्हा गोठवणं: फ्रीजमध्येच विरघळलेलं आणि कधी कोमट न झालेलं अन्न पुन्हा गोठवलं तर धोका नाही, पोत मात्र उतरतो. थंड पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये विरघळलेलं आधी शिजवून मगच गोठवा. टेबलावर मांडून उरलेलं, वर सांगितलेल्या वेळेत उचललेलं, तीन-चार दिवसांत फ्रीजमधूनच संपवा. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा वयोवृद्ध पाहुणे असतील तर हे उरलेलं त्यांना देऊच नका, किंवा पूर्ण उकळून गरमच द्या. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रीजमध्येही वाढतो आणि फ्रीजरमधून जिवंत बाहेर येतो.

प्रश्न: पाहुण्यांच्या आदल्या आठवड्यात आम्ही बाहेरगावी असू. वीज गेली तर कळणार कसं?

उत्तर: एका लहान कपात पाणी गोठवा, वर नाणं ठेवा आणि कप फ्रीजरमध्ये ठेवून जा. परतल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. तळाला गेलेलं असेल तर मधल्या काळात सगळं विरघळून पुन्हा गोठलेलं आहे, ते टाकून द्या. अर्धवट बुडालेलं असेल तर काही वेळ वीज नव्हती एवढंच कळतं. कडा सैल झालेली किंवा आकार बदललेली पाकिटं काढा.

घरी असताना वीज गेली तर दार उघडू नका. पूर्ण भरलेला फ्रीजर 48 तास, अर्धा भरलेला 24 तास टिकतो, फ्रीज चार तास. वीज आल्यावर ज्या पाकिटात बर्फाचे स्फटिक अजून दिसतात किंवा जे 4 अंशांच्या आत आहे ते पुन्हा गोठवता येतं. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा, तीन चतुर्थांशच भरलेल्या, नाहीतर त्या फुटतात. आणि जाण्याआधी प्रत्येक पाकिटावर नाव, तारीख, किती जणांचं आणि त्यात अजून काय घालायचं आहे हे मार्करने कोरड्या पिशवीवरच लिहा. गोठलेल्या पिशवीवर शाई उमटत नाही.